अकरा पुस्तकांचा दफनविधी

सुरुवातीला पुस्तकं फक्त अकरा होती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. अकरा पुस्तकं, एक कापडी पिशवी, एक फावडं आणि फार तर दीड तास. दुपारच्या जेवणाला मी घरी परत येणार होतो, आणि क्लारीला, म्हणजे माझ्या बायकोला, तसं सांगूनही ठेवलं होतं.

ही पुस्तकं माझ्या वडिलांची. पानं सुटलेली, पाठी उसवलेल्या, प्रार्थना म्हणताना वडील ज्या कोपऱ्याला अंगठा लावायचे तो कोपराच नाहीसा झालेला. आम्हा यहुद्यांत देवाचं नाव छापलेलं पुस्तक कितीही फाटलं तरी रद्दीत देता येत नाही, जाळता येत नाही. माणसासारखंच त्याला दफनभूमीत नेऊन पुरावं लागतं. वडील जाऊन सतरा वर्षं झाली. त्या सतरा वर्षांत ‘या वसंतात पुरून टाकतो’ हे वाक्य मी सतरा वेळा उच्चारलं, आणि पुस्तकं छोट्या खोलीतल्या कपाटावर बसून ते सतरा वेळा ऐकत राहिली.

अठराव्या वसंतात मात्र आमच्या मुलीचा, नोएमीचा, हायफाहून फोन आला. पेसाखच्या सणाला ती येणार होती, आणि नऊ महिन्यांच्या उरीलाही आणणार होती. या नातवाला मी आजवर फक्त फोनवर पाहिलं होतं, आणि त्यातही बहुतेक वेळा त्याचा एक कान.

“छोटी खोली रिकामी असेल तर तीन आठवडे राहीन, बाबा,” नोएमी म्हणाली. “नसेल तर हॉटेल. आणि हॉटेल म्हटलं की चार दिवस. आजोबांच्या पुस्तकांच्या धुळीत मी बाळाला झोपवणार नाही.”

तीन आठवडे आणि चार दिवस यांतला फरक मला कुणी फळ्यावर काढून दाखवायची गरज नव्हती. मी त्याच दिवशी फावड्याला तेल लावलं.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. मी, टिबेरिउ रोझिंगर, चौतीस वर्षं रोमेनियातल्या तिमिश्वारा शहराच्या पाणीपुरवठ्यात होतो. खणणं हा माझा विषय. ऑपेरासमोरचा चौक मी दोनदा खणला, कॅथेड्रलसमोरचा तीनदा, त्यातला एकदा चुकून. अशा माणसाला मीटरभर खोल एक खड्डा काढायला काय कठीण आहे, असं मला वाटलं. अजूनही वाटतं. चूक खणण्यात झालीच नाही, ती बोलण्यात झाली.

शनिवारची प्रार्थना संपली की आम्ही सिनेगॉगच्या मागच्या खोलीत खसखशीचा केक आणि थोडी आलुबुखाराची दारू घेऊन बसतो. तिथे मी सहज म्हणालो की पुढच्या आठवड्यात वडिलांची पुस्तकं पुरणार आहे. आमच्या समाजाचे अध्यक्ष डॉक्टर एरेंथाल हे निवृत्त दंतवैद्य आहेत. समोरच्याचं तोंड उघडं दिसलं की त्यांना राहवत नाही.

“वा, फार पुण्याचं काम,” ते म्हणाले. “खड्डा काढतोच आहात तर माझीही दोन-चार टाका त्यात.”

“आणा की,” मी म्हणालो. दोन-चार म्हणजे किती, हे मी त्याच क्षणी विचारायला हवं होतं.

रविवारी सकाळी ते टॅक्सीतून आले, सोबत सहा खोकी. त्यांच्यामागून श्रीमती हल्मोश एक ट्रंक घेऊन आल्या. त्यांच्यामागून न्यूहाउस बंधू आले. हे दोघे एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, पण या कामासाठी एकच हातगाडी दोन बाजूंनी ढकलत आले. प्रत्येकाने डोळे पुसत पुस्तकं माझ्या स्वाधीन केली, कॉफी घेतली आणि जाताना जो तो पाठ सरळ करून, दहा वर्षं लहान होऊन गेला. मला तेव्हा उलगडा झाला की या शहरातल्या प्रत्येक यहुदी घरात एक छोटी खोली आहे, एक कपाट आहे आणि सतरा वर्षांची एक थाप आहे.

त्यातून आमची आणखी एक अडचण. आमच्या पिढीला हिब्रू अक्षरं वाचता येतात, अर्थ कुणालाच लागत नाही. त्यामुळे पवित्र काय आणि अपवित्र काय हे ठरवणार कोण? मी खोकी उघडून पाहिली. एकात १९७३ सालची तेल अवीवची टेलिफोन डिरेक्टरी होती. दुसऱ्यात कसलंसं जाडजूड पुस्तक होतं, त्यात बैलाच्या पोटाची आकृती.

“हे गुरांच्या डॉक्टरचं पुस्तक आहे,” मी श्रीमती हल्मोशना फोनवर सांगितलं.

“तुम्हाला खात्री आहे?” त्यांनी विचारलं. “यज्ञाचा बैल असेल तर?”

खात्री नव्हती. बैलसुद्धा राहिला. डिरेक्टरीही राहिली, कारण त्यात निदान तीनशे कोहेन होते आणि तो पुरोहितांचा वंश. बुधवारपर्यंत छोट्या खोलीत बेचाळीस खोकी झाली आणि दार अर्धंच उघडायला लागलं.

“टिबी,” क्लारी म्हणाली, “खोली रिकामी करायची होती.”

“करतोच आहे.”

“हो का? मग मी चुकीच्या बाजूने बघत असेन.”

तळमजल्यावरचा नेलू हा निवृत्त ट्रामचालक. तो ख्रिस्ती आहे, पण सल्ला देताना धर्मभेद करत नाही. त्याने आधी सगळं बेगा कालव्यात सोडायला सुचवलं. ते चालत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, “मग माझ्या मेहुण्याचा जेसीबी बोलावतो. दहा मिनिटांत तुझी पुस्तकं, तू आणि एरेंथाल, तिघंही आत.” हा सल्ला मी त्या वेळी हसण्यावारी नेला. पुढे मला त्याची रोज आठवण येत असे.

कारण बेचाळीस खोक्यांचा खड्डा म्हणजे तळघरच, आणि आमच्या दफनभूमीचा जुना भाग आता संरक्षित वारसास्थळ आहे. मोकळी जमीन काय ती तिथेच. परवानगीशिवाय तिथे चमचाही खुपसायचा नाही, असं एरेंथालांनी खोकी पोचवून झाल्यावर मला सांगितलं. मी संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या स्टोइका बाईंनी माझ्यासमोर चार पानी अर्ज ठेवला.

“खोदकामाचा उद्देश?”

“दफन.”

“मयताचं नाव?”

“मयत कुणी नाही. पुस्तकं आहेत.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे टाकाऊ कागद. संरक्षित स्थळी कचरा पुरायला बंदी आहे.”

“अहो बाई, कचरा असता तर कचऱ्यात नसता टाकला?”

यावर त्यांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, “हे मात्र बरोबर आहे,” आणि ‘इतर’ या रकान्यात खूण केली. मला जरा धीर आला. मी खुर्चीत सावरून बसलो आणि म्हणालो की बाई, मी चौतीस वर्षं हे शहर खणलं, तेव्हा मला एका शब्दाने कुणी विचारलं नाही. बाई उठल्या, कपाटातून एक फाइल काढली, फुंकर मारली आणि माझ्यासमोर उघडली. वर माझं नाव होतं. कॅथेड्रलसमोरचा चौक, तिसरी वेळ. त्या वेळी फुटलेल्या मध्ययुगीन विटांची संख्याही लिहिली होती. त्यानंतर मी अर्ज गुपचूप भरला.

परवानगी मिळाली, पण खोदकाम पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली करायचं या अटीवर. श्रीयुत ऑक्टाव्हियन उर्सू दाढीवाले आणि अतिशय सभ्य गृहस्थ निघाले. त्यांनी माझ्या तेल लावलेल्या फावड्याकडे, कुणी शस्त्रक्रियेच्या खोलीत कुऱ्हाड आणावी तसं पाहिलं, आणि माझ्या हातात एक ब्रश दिला. मी, ज्याने एका दिवसात सत्तर मीटर चर काढला आहे, तो गुडघ्यावर बसून माती झाडू लागलो. पहिल्या दिवशी आम्ही नऊ सेंटिमीटर खाली गेलो. दुसऱ्या दिवशी जुन्या कबरी बघणाऱ्या पर्यटकांचा घोळका आला. त्यांची वाटाडी माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, “हे इथले पिढीजात कबर खोदणारे. पाहा, अजून हातानेच काम करतात.” बारा जणांनी माझे फोटो काढले. एका बाईंनी मला सफरचंद दिलं. मी ते घेतलं, कारण भूक लागली होती, पण अपमान तो अपमानच.

पाचव्या दिवशी, एक मीटर दहा सेंटिमीटरवर, फळी लागली. उर्सूंनी मला हाताने मागे सारलं. फळीखाली पेटी होती आणि पेटीत पुस्तकं. दुसरी पेटी, तिसरी, अशा सात पेट्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माझ्याच जातकुळीचा कुणी गृहस्थ याच कोपऱ्यात आला होता आणि बहुतेक दुपारच्या जेवणाला घरीही पोचला होता.

उर्सूंच्या डोळ्यांत पाणी आलं. “रोझिंगर साहेब, तुम्हाला कळतंय का तुम्हाला काय सापडलंय?”

“जागा नाही सापडली, एवढं कळतंय,” मी म्हणालो.

खड्डा तत्काळ शोधस्थळ म्हणून जाहीर झाला, भोवती पट्टी बांधली गेली आणि आमच्या खोक्यांची परवानगी रद्द झाली. राहता राहिल्या सात पेट्या. त्या समाजाच्या मालकीच्या, त्यामुळे समाजाने सांभाळायच्या. अभ्यास पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन वर्षं, स्थिर तापमानात ठेवायच्या. सिनेगॉगच्या तळघरात ओल. एरेंथाल म्हणाले, “टिबीकडे उत्तरेची छोटी खोली आहे ना, थंड असते.” उर्सूंनी येऊन पाहणी केली, खिडकी कायमची बंद करून तिला पट्टी लावली, हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र भिंतीला अडकवलं आणि माझी तीन ठिकाणी सही घेतली. पेट्यांखातर खोकी छतापर्यंत रचली. दार आता उघडायचं झालं तर एकाला आतून ओढावं लागलं असतं.

“तू अकरा पुस्तकं पुरायला गेला होतास,” क्लारी म्हणाली.

“हो.”

“आणि सात पेट्या उकरून घेऊन आलास.”

“हो.”

तिने कणीक मळायला घेतली, आणि तिची तिंबण्याची पद्धत बघून मी थोडा फिरून आलो. नोएमीला यायला तीस दिवस उरले होते.

शेवटी मी रब्बींना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, फोन केला. आमचे रब्बी आणखी दोन गावांचंही बघतात, त्यामुळे ते बहुधा आगगाडीतच असतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“नव्या खड्ड्याला परवानगी लागते,” ते म्हणाले. “कबरीला कुठे लागते? मयताच्या शेजारी पुस्तकं ठेवता येतात. जुनी रीत आहे. मोठा मान समजतात तो.”

“पण कुणाच्या कबरीत ठेवायची?”

“ते मी कसं सांगू, रोझिंगर? तुमचं गाव तुम्हाला माहीत.”

त्या शनिवारी केक खाताना मी हे सर्वांना सांगितलं. आमचं सरासरी वय शहात्तर आहे. एकमेकांच्या तब्येतीची इतकी आपुलकीने चौकशी आमच्यात त्याआधी कधी झाली नव्हती. थोरले न्यूहाउस खोकले, तेव्हा धाकट्याने एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टर एरेंथालांनी कुणीही विचारलेलं नसताना आपला रक्तदाब उत्तम असल्याचं जाहीर केलं.

“मी नेते की,” कोपऱ्यातून आवाज आला.

ती पीरी नेनी होती. नेनी म्हणजे आमच्याकडे मावशी, मग ती कुणाचीही असो. वय त्र्याण्णव, आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर एकटी राहते. मी तिसरीत नापास झालो होतो तेव्हा वडिलांपासून मला तिनेच लपवलं होतं, आपल्या लोकरीच्या कोटामागे.

“नेनी, काय बोलताय!” मी म्हणालो.

“अरे, कुणाकडे जायचं तर रिकाम्या हाताने जाऊ नये, असं माझ्या आईने शिकवलंय. बेचाळीस खोकी म्हणजे बरी भेट झाली. नोएमी कधी येतेय?”

“चौदा तारखेला.”

“बघते काय जमतं ते. शब्द देत नाही.”

त्या दिवसापासून पीरी नेनीकडे रीघ लागली. श्रीमती हल्मोश कोंबडीचं सूप नेत. न्यूहाउस बंधू आळीपाळीने वाटाण्याचं नेत. क्लारी तांदूळ भरलेल्या भोपळी मिरच्या पाठवी. सगळे स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसत, तिचा चेहरा न्याहाळत आणि गप्पा मारून परत जात. हा सगळा उद्योग अर्थात निखळ प्रेमापोटी चालला होता, आणि त्याचा परिणामही प्रेमाचा होतो तसाच झाला. पीरी नेनी टवटवीत होत गेली. गालावर रंग चढला. तिने काठी सोडली. डॉक्टरने तपासून सांगितलं की हृदय साठीच्या बाईचं आहे, तेव्हा एरेंथाल “अभिनंदन” म्हणाले खरे, पण आवाज पडला होता.

मी रोज सकाळी वर जाऊन चौकशी करत असे. “कशा आहात, नेनी?” हे तीन शब्द निर्दोष चेहऱ्याने उच्चारणं किती अवघड असतं याची ज्याला कल्पना नाही, त्याने माझ्या जागी उभं राहून पाहावं.

“वाईट बातमी आहे, टिबी,” ती म्हणे. “झोप छान लागली.”

नऊ तारखेला सकाळी मी वर गेलो तर दार उघडेना. नेलूने खांदा मारून उघडलं. पीरी नेनी शेगडीपाशी जमिनीवर होती. रुग्णवाहिका येऊन तिला घेऊन गेली. मी कोट चढवत होतो तेवढ्यात एरेंथालांचा फोन आला.

“टिबी, फार वाईट वाटलं. फार. ती खोकी... खाली आणून ठेवायची का?”

मी फोन बंद केला. आयुष्यात प्रथमच मी कुणा अध्यक्षाच्या तोंडावर फोन बंद केला असेन. मी इस्पितळाकडे जाणारी ट्राम पकडली. गेले तीन आठवडे मी या बाईच्या दारात उभा राहून मनातल्या मनात तारखा मोजत होतो, हे मला त्या ट्राममध्ये स्पष्ट दिसलं, आणि मला स्वतःची शिसारी आली.

इस्पितळात ती पांढऱ्या चादरीखाली एवढीशी दिसत होती. नाकात नळी होती. मला पाहून तिने डोळे उघडले.

“आज तारीख काय?”

“नऊ.”

“म्हणजे वेळेत आहे मी.”

“काही वेळेत नाही!” मी इतक्या जोरात ओरडलो की परिचारिका दारात आली. “तुम्ही कुठेही जायचं नाही, नेनी. ऐकताय ना? पुस्तकं गेली खड्ड्यात!”

“जात नाहीत, तोच तर घोळ आहे,” पीरी नेनी म्हणाली.

मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि एकोणसाठ वर्षांपूर्वी तिच्या कोटामागे रडलो होतो तसा मी तिच्या पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडलो. डॉक्टर मागाहून म्हणाले की गंभीर काही नाही, मीठ जास्त झालंय. सूप.

“मग नोएमीचं काय?” तिने विचारलं.

“हॉटेलात राहील. चार दिवस तर चार दिवस.”

“टिबी, माझ्या घरात खोल्या किती?”

मी विचार केला. आमच्या डोक्यावरच तिचं घर. “तीन. आणि स्वयंपाकघर.”

“त्यातल्या किती मी वापरते?”

“स्वयंपाकघर,” मी म्हणालो, आणि माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

“तीन आठवडे सगळा समाज माझ्याकडे येऊन बसला. माझ्याकडे जागा मागितली ती जमिनीखालची. वरची कुणीच मागितली नाही.”

“तुम्ही तरी बोलायचं ना, नेनी!”

“बोलले असते,” ती म्हणाली. “पण मग दुसऱ्या दिवसापासून कोण आलं असतं रे माझ्याकडे?”

चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी तिचा हात धरून बसलो. तो हलका होता आणि चांगला ऊबदार होता.

मग तिने उशीखाली चाचपून किल्ली काढली आणि माझ्या तळव्यावर ठेवली.

“मला ते परवा सोडतायत. तोवर तिन्ही खोल्यांच्या खिडक्या उघडून ठेव,” पीरी नेनी म्हणाली. “आणि नोएमीला सांग, तीन आठवडे फार कमी आहेत.”